होतंच आलंय म्हणजे किती?

पोरी,

परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा मी मागच्या अंगणात झाडांना पाणी घालत होतो. कंपनीनं नऊ माणसांची टीम हाती दिली, नोव्हेंबरात रिलीज आहे, प्रोजेक्ट मॅनेजमेंटचा दोन दिवसांचा कोर्सही करवला. आणि शेवटी तू म्हणालीस, "मामा, शब्द सगळे कळले, पण सोमवारी नक्की काय करू ते कळलं नाही." फोनवर मी काहीबाही बोललो. ते अर्धवट होतं, म्हणून हे सावकाश लिहितोय.

हिंजवडीतलं तुझं काम मला येत नाही. माझी चौतीस वर्षं पूल आणि रस्त्यांच्या साइटवर गेली, त्यातली बरीचशी कोकणात. पण तू फोनवर जे सांगत होतीस, म्हणजे कुणाचं काम कुणामुळे अडलंय, तारीख कुणी दिली, खरं कोण सांगतंय आणि कोण सांगत नाहीये, ते सगळं माझ्या ओळखीचं होतं. तेवढ्यापुरतं बोलतो.

कोर्समध्ये तुला सांगितलं असेल की आधी कामाचे तुकडे पाडायचे. ते कसं पाडतात हे तू घरातच पाहिलंयस. ताईच्या लग्नात मुहूर्त होता दुपारी 12.37 चा आणि तो हलणार नव्हता. तुझी आई त्या मुहूर्तापासून मागे मोजत आली. पंगतीच्या आधी आचारी, आचाऱ्याच्या आधी माणसांचा अंदाज, त्याच्या आधी आमंत्रणं, आमंत्रणांच्या आधी पत्रिका, आणि पत्रिकेच्या आधी कोणाकोणाची नावं घालायची त्यावरचं एकमत. त्या शेवटच्या गोष्टीलाच बारा दिवस गेले होते, आठवतंय? तिच्या वहीत प्रत्येक कामापुढे एकाच माणसाचं नाव होतं. अपवाद फक्त रुखवताचा, तो आत्या आणि मावशी दोघींवर मिळून सोपवला होता. आदल्या रात्री अकरा वाजता तेवढंच काम राहिलेलं होतं. दोघींपैकी कुणीही कामचुकार नव्हती, पण प्रत्येकीला वाटलं, दुसरी बघतेय. भागीचं घोडं किवणानं मेलं म्हणतात ते हेच.

तुकडा किती लहान करायचा, याचं माझं माप असं आहे. काम एका माणसाच्या नावावर टाकता आलं पाहिजे, आणि ते झालं का या प्रश्नाला "झालं" किंवा "नाही झालं" यापलीकडे उत्तर असता कामा नये. "दोन नंबरचा पिअर", म्हणजे पुलाचा खांब, हे माझ्या लेखी काम नव्हे. सळई बांधणं, सेंट्रिंग म्हणजे काँक्रीटचा साचा लावणं, साहेबांची तपासणी, काँक्रीट ओतणं, सेंट्रिंग खोलणं, पाणी मारणं, ही कामं. प्रत्येकाला एक दिवस असतो आणि एक धनी असतो. तुझ्या यादीत "पेमेंट मॉड्यूल" अशी ओळ असेल तर ती आजच फोड.

हे सांगायला कारण आहे. आपल्या भाषेत एक फार गोड आणि फार धोक्याचा शब्दप्रयोग आहे: "होतंच आलंय." पहिल्या साइटवर मी रोज संध्याकाळी विचारायचो, सेंट्रिंग किती झालं? उत्तर यायचं, होतंच आलंय साहेब, ऐंशी टक्के. तीन आठवडे ते ऐंशी टक्केच होतं. सांगणारा खोटं बोलत नव्हता. पाट्या मारून झाल्या होत्या, म्हणजे डोळ्यांना दिसणारं काम झालं होतं. ओळंबा लावून सरळ करणं, फटी बुजवणं, टेकू घट्ट करणं हे राहिलं होतं, आणि खरा वेळ त्यातच जातो. तेव्हापासून मी टक्के विचारणं बंद केलं. झालेल्या कामाला पूर्ण मार्क, बाकी सगळ्याला शून्य. अर्धवट कामाला अर्धे मार्क दिलेस की तुझ्या तक्त्यावर प्रकल्प नेहमी पुढे दिसेल आणि जागेवर मागे असेल. तुमच्याकडे तर कोड लिहून झाला की पोरं "झालं" म्हणतात. टेस्टिंग झालं का, दुसऱ्या कुणी तपासलं का, ज्याच्यासाठी केलं त्याला चालवून दाखवलं का? "झालं" म्हणजे काय हे पहिल्याच आठवड्यात सगळ्यांसमोर ठरव आणि भिंतीवर लिही.

आता तक्ता. आडव्या पट्ट्यांचा बारचार्ट तुला शिकवला असेल. हेन्री गँट नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं 1910 च्या दशकात तो प्रचारात आणला, म्हणून त्याचं नाव त्याला चिकटलं. तो चांगला आहे, काढ. पण कुठली पट्टी सरकली तर शेवटची तारीख सरकते आणि कुठली सरकली तरी काही बिघडत नाही, हे साध्या पट्ट्या सांगत नाहीत. त्यासाठी क्रिटिकल पाथ. ड्युपाँट या रसायनांच्या कंपनीत 1957 च्या सुमाराला कारखान्यांच्या बांधणीसाठी ही पद्धत बसवली गेली. कल्पना सरळ आहे. एकमेकांवर अवलंबून असलेल्या कामांची जी साखळी सगळ्यात लांब, तेवढेच दिवस आख्ख्या कामाला लागणार. त्या साखळीतलं काम एक दिवस लांबलं की सगळं एक दिवस लांबलं. साखळीबाहेरच्या कामांना थोडी मोकळीक असते.

कॉलेजात मी हे गणित सोडवून मार्क मिळवले होते. ते खरं कळलं एका वहाळावरच्या पुलावर. वीस-वीस मीटरचे तीन गाळे, कोकणातला नेहमीचा पूल. आमचं सगळं लक्ष पायांवर आणि पिअरवर, कारण काम तिथे, माणसं तिथे, येणारा प्रत्येक साहेब तिथेच उभा राहून फोटो काढणार. पिअरच्या डोक्यावर आणि गर्डरच्या खाली बेअरिंग बसतं. रबराचं, आत पोलादी पत्रे घातलेलं, दिसायला जेवणाच्या पाटाएवढं. ते जागेवर बसल्याशिवाय गर्डर ओतता येत नाही. ते बनवून, तपासून साइटवर यायला आठ आठवडे लागणार होते आणि ऑर्डर डिसेंबरात जायला हवी होती. कागद आमच्या मुख्य कचेरीत एका सहीसाठी पडून राहिला. मी एकदा आठवण केली, "होईल" असं उत्तर आलं, आणि मी पिअरकडे वळलो. फेब्रुवारीअखेर पिअर तयार, सळई तयार, माणसं तयार आणि बेअरिंग नाही. चाळीस माणसं एकोणीस दिवस जवळजवळ बसून होती. दोन गाळे कसेबसे झाले. तिसऱ्याचे टेकू वहाळाच्या पात्रात उभे करायचे तर पाऊस तोंडावर आला होता, मृगाच्या पाण्यानं ते एका रात्रीत वाहून गेले असते. तो गाळा दिवाळीनंतर झाला. पलीकडच्या वाडीतल्या पोरांनी आणखी एक पावसाळा शाळेसाठी चौदा किलोमीटरचा वळसा घातला.

म्हणून तुला सांगतो, क्रिटिकल पाथवरची कामं मोठी असतात असं समजू नकोस. बहुतेक वेळा ती पाटाएवढी असतात. कुठलीशी परवानगी, क्लायंटकडून यायचा एखादा पासवर्ड, दुसऱ्या टीमनं द्यायची एक फाइल, कायदे विभागाची सही. तुझ्या हाताखालच्या नऊ जणांच्या कामावर तुझी नजर आपोआप राहील. जी कामं बाहेरच्या माणसांच्या हातात आहेत त्यांची वेगळी वही कर आणि रोज सकाळी तीच आधी उघड. मी नंतर तसंच करत गेलो. "होईल" हे उत्तर घेऊन परत यायचं नाही. कधी होईल, कोण करील आणि आज ते कुणाच्या टेबलावर आहे, या तीन गोष्टी घेऊनच परतायचं.

साखळी आखूड करता येते का? येते, पण माणसं पळवून क्वचितच. 1964 च्या डिसेंबरात रामेश्वरमचा पांबन पूल चक्रीवादळात मोडला. रेल्वेनं दुरुस्तीला सहा महिने धरले होते, वरिष्ठांनी ते तीनवर आणले. काम सोपवलं होतं बत्तीस वर्षांच्या ई. श्रीधरन यांच्यावर. ते 46 दिवसांत झालं. नवे गर्डर बनवून आणण्यात सगळा वेळ जाणार होता, तेव्हा समुद्रात पडलेले गर्डरच शोधून वर काढले आणि पुन्हा बसवले. सगळ्यात लांब कडीच त्यांनी साखळीतून काढून टाकली. तारीख आवळली जाते तेव्हा "जास्त तास बसा" हे सगळ्यांना आधी सुचतं. त्याआधी एक प्रश्न विचार: यातलं कुठलं काम करायचीच गरज नाही?

आणि माणसं वाढवायची तर फार जपून. फ्रेड ब्रुक्स यांनी आयबीएममधल्या अनुभवावरून 1975 मध्ये एका पुस्तकात लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामात नवी माणसं घातली तर उशीर वाढतो. मला ते वाचून आश्चर्य वाटलं नाही. काँक्रीटला पूर्ण ताकद यायला 28 दिवस धरतात. पाणी मारायला एकाऐवजी चार माणसं ठेवली म्हणून ते सात दिवसांत पिकत नाही. तुमच्याकडे शिवाय नव्या माणसाला शिकवायला जुनाच माणूस बसतो. पाच माणसांत आपसातल्या जोड्या होतात दहा, दहा माणसांत पंचेचाळीस. बोलणं एवढं वाढतं की काम मागे पडतं.

अंदाजाचं तुला फार टेन्शन आलंय हे फोनवरच कळलं. कुणीही काम किती दिवसांचं विचारलं की आपण सगळं सुरळीत गेलं तर किती, तेवढं सांगतो. हा माणसाचा स्वभाव आहे, त्यात लबाडी नाही. अमेरिकी नौदलानं 1958 मध्ये पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी एक रीत काढली, ती मला आयुष्यभर पुरली. एकाच कामाला तीन आकडे मागायचे: सगळं जमून आलं तर किती, नेहमीप्रमाणे किती, सगळं बिघडलं तर किती. समज 4, 6 आणि 14 दिवस. मधल्या आकड्याची चौपट, त्यात दोन्ही टोकं मिळव, सहानं भाग. सात दिवस. पण त्या सातपेक्षा मोलाचं आहे ते 14. कुणी 14 म्हणालं की लगेच विचार, "काय बिघडेल असं वाटतंय?" त्या एका प्रश्नातून जेवढे धोके बाहेर येतात तेवढे धोक्यांचा तक्ता पुढे ठेवून येत नाहीत.

याहून भरवशाचा अंदाज मात्र तुझ्याच डायरीत तयार होईल. मी रोज रात्री पाच ओळी लिहायचो. हवा, माणसं किती आली, माल काय आला, काय झालं, कशानं अडलं. तीन वर्षांनी जुन्या डायऱ्या उलटल्या तेव्हा दिसलं की पिअरच्या एका टप्प्याला मी प्रत्येक कागदावर सहा दिवस लिहीत होतो आणि प्रत्येक वेळी नऊ लागत होते. एकदाही सहा नाही! पुढच्या कामाला मी नऊ लिहिले. साहेब रागावले, पण काम त्या नऊ दिवसांतच झालं. तूही आजपासून लिही, दोन महिन्यांत तुझ्या टीमची खरी चाल तुला कळेल. दुसऱ्या टीमच्या चालीशी ती लावून बघू नकोस.

राखीव दिवस प्रत्येक कामात दोन-दोन करून लपवू नकोस. काम मिळालेल्या वेळेएवढं फुगतं हे पार्किन्सन यांनी 1955 मध्ये लिहिलं, आणि ते खरं आहे. लपवलेले दिवस गुपचूप खर्च होतात. ते सगळे काढून एका जागी, शेवटी, उघड ठेव. किती उरले ते दर शुक्रवारी टीमला सांग. आणि सुट्ट्या आधी मांड. माझे बरेचसे कामगार विजापूरकडचे. पेरण्यांच्या आधी ते गावी जाणार म्हणजे जाणारच, आणि गणपतीत कोकणातला माणूस साइटवर दिसणार नाही. तरी कचेरीतून येणाऱ्या वेळापत्रकात गणपतीच्या आठवड्यात पूर्ण हजेरी धरलेली असायची. तुझ्या रिलीजच्या आधी दिवाळी आहे. कोण कधी घरी जाणार हे आत्ताच विचार आणि त्यांना निश्चिंत मनानं जाऊ दे.

मधेच येणाऱ्या मागण्यांचंही सांगतो. "जाता जाता एवढं करून टाका" हे वाक्य तुझा क्लायंट इंग्रजीत म्हणेल, आमच्याकडे सरपंच म्हणायचे. एकदा म्हणाले, पुलाचं काँक्रीट चाललंच आहे तर बाजूला बायकांना धुणं धुवायला पायऱ्या बांधून द्या. मागणी रास्त होती. त्या बायका निसरड्या कातळावर बसत होत्या. नाही म्हणणं मला जमलं नसतं आणि हो म्हटलं तर पाऊस गाठायचा होता. मी मोजमाप घेतलं, खर्च काढला, अकरा दिवस लागतील हे लिहिलं आणि तो कागद घेऊन ग्रामपंचायतीत गेलो. "आता केलं तर पूल एवढा लांबेल, पावसाळ्यानंतर केलं तर नाही. तुम्ही ठरवा." ते म्हणाले, नंतर करू. नंतर केल्याही. मागणी धुडकावू नकोस, तोंडी स्वीकारूही नकोस. तिची किंमत दिवसांत लिहून समोर ठेव आणि निवड ज्याची त्याला करू दे.

धोक्याबद्दल एकच गोष्ट, कोकण रेल्वेची, कारण आमच्या पिढीतल्या प्रत्येक इंजिनिअरनं ते काम जवळून किंवा लांबून शिकायच्या नजरेनं पाहिलंय. 1990 मध्ये रोह्याला सुरुवात झाली. ठोकूरपर्यंत सुमारे 740 किलोमीटर, नव्वदहून अधिक बोगदे, दोन हजारांच्या घरात लहानमोठे पूल. सगळ्यात लांब बोगदा रत्नागिरीजवळ करबुड्याचा, साडेसहा किलोमीटर. कागदावर बघणारा म्हणेल, मोठा धोका इथे. पण करबुड्याला कातळ होता, आणि कातळ कसा फोडायचा हे माहीत होतं. घाम फोडला तो गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्यानं, जो त्याहून कितीतरी आखूड. आत भिजलेली मऊ माती, खणलं की वरून येणारी. पाच वर्षांचं म्हटलेलं काम सात वर्षांहून अधिक चाललं आणि 26 जानेवारी 1998 ला मार्ग पुरा झाला. उशिराचं एक मोठं कारण ही मऊ माती. गोव्यात मार्ग कुठून न्यायचा यावर आंदोलनही झालं. ज्यांच्या दारातून काम जातं त्यांच्याशी बोलणं हाही कामाचाच भाग, हे अनेकांना तिथे उमगलं. तुझ्या यादीत सगळ्यात मोठं काम कुठलं ते बघूच नकोस. याआधी तुमच्यापैकी कुणीच केलेलं नाही असं कुठलं आहे ते शोध, आणि त्याला पहिल्याच आठवड्यात हात घाल. शेवटाला ठेवलंस तर मऊ माती शेवटी लागेल.

त्याच कामातली दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. सगळ्या मार्गाचे सात भाग केले होते आणि प्रत्येकावर एक मुख्य अभियंता, जागेवर निर्णय घ्यायच्या अधिकारासकट. बेलापूरच्या मुख्य कचेरीतून होकार येईपर्यंत डोंगर थांबत नाही. तुझ्या नऊ जणांना काम देशील तेव्हा अधिकारही दे, आणि तो कुठपर्यंत ते स्पष्ट सांग. "इथवर तू ठरव, मला नंतर सांगितलंस तरी चालेल. याच्यापुढे आधी मला विचार." अधिकार न देता जबाबदारी दिली की माणूस चूक टाळायला शिकतो, काम पुढे न्यायला शिकत नाही.

आता जे फोनवर सांगायचं धाडस झालं नाही ते.

मी एकतीस वर्षांचा असेन. मुकादम माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. एका सकाळी सात वाजता ते खोपटीशी आले आणि म्हणाले, साहेब, दोन नंबरच्या खड्ड्यात कातळ लागत नाहीये, खाली मऊ आहे. दुसऱ्या दिवशी मोठे साहेब पाहणीला येणार होते. माझं डोकं फिरलं. चाळीस माणसांसमोर मी त्यांना नको ते बोललो. काल का नाही कळलं, डोळे कुठे होते, असलं सगळं. त्यांनी मान खाली घातली आणि गेले. आम्ही दीड मीटर आणखी खणलं, कातळ लागला, चार दिवस गेले. मला वाटलं प्रकरण संपलं.

त्या दिवसापासून माझ्याकडे कुणी काही सांगायला येईना. संध्याकाळी विचारलं की "सगळं ठीक साहेब". मी खूश होतो. तीन महिन्यांनी एका रविवारी एकटाच फिरताना एका टोकाच्या भिंतीवर तळाशी रंग वेगळा दिसला. हातोडीनं ठोकलं तर पोकळ आवाज. सेंट्रिंग खोलल्यावर काँक्रीटमध्ये मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या पोकळ्या निघाल्या होत्या, आणि रात्रीतून कुणीतरी वरून सिमेंट फासलं होतं. तो भाग फोडून पुन्हा करायला पंधरा दिवस लागले. ते फासणारा पोरगा एकोणीस वर्षांचा. का केलंस विचारलं तर म्हणाला, तुम्हाला सांगायची भीती वाटली. मला वेळेवर कळलं असतं तर दुरुस्ती दोन दिवसांची होती. आणि कळलंच नसतं तर? त्या भिंतीवरून आज एसटी जाते.

मी मुकादमांकडे गेलो. त्याच माणसांसमोर, सिमेंटच्या गोण्यांवर त्यांच्या शेजारी बसलो आणि त्या सकाळबद्दल माफी मागितली. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "साहेब, त्या दिवशी न सांगता खड्ड्यात काँक्रीट ओतलं असतं तर तुम्हाला कळलंही नसतं." ते खरं होतं. माझा बारचार्ट, माझी साखळी, माझे तीन आकडे, सगळं त्या एका माणसाच्या सांगण्यावर उभं होतं आणि त्यालाच मी गप्प केलं होतं. तुला कोर्समध्ये नियोजन एका दिवशी शिकवलं आणि नेतृत्व दुसऱ्या दिवशी. ते वेगळे विषय नाहीत. माणसं खरं सांगतात तोवरच तक्ता खरा असतो.

म्हणून वाईट बातमी घेऊन कुणी आलं की पहिलं वाक्य ठरवून ठेव. माझं होतं, "बरं झालं आत्ता सांगितलंत." दुसरं, "आता काय करू या?" कुणामुळे झालं हा प्रश्न त्या दिवशी तोंडातून काढायचा नाही. तो नंतर, शांतपणे, एकट्याशी. आणि तोही "हे होऊ शकलं कसं" असा. चेहरा आवरायलाही शिक. माणसं शब्दांच्या आधी भुवया वाचतात.

तू वरच्यांना वाईट बातमी देशील तेव्हाही उशीर करू नकोस. "12 तारखेचं काम 19 ला जाईल असं दिसतंय, हे दोन मार्ग आहेत, मला हा बरा वाटतो." एवढं पुरे. शिव्या खाव्या लागल्या तर तू खा, खाली पोहोचवू नकोस. शाबासकी आली की ज्यानं काम केलं त्याचं नाव घेऊन, त्याच्यासमोर, वरच्यांना सांग.

टीममधले दोघं तुझ्याहून वयानं मोठे आहेत म्हणालीस. ऑफिसात तुम्ही सगळे एकमेकांना नावानं हाक मारता, ती तिथली रीत, ती पाळ. पण मराठीत बोलणं होईल तेव्हा त्यांना अहो-जाहो कर, आणि पहिल्याच आठवड्यात त्यांच्याकडे जाऊन विचार की मागच्या रिलीजला काय चुकलं होतं. बढती तुला मिळाली आणि त्यांना नाही, हे त्यांच्या मनात असणारच. त्यावर बोलू नकोस, त्यांच्या अनुभवाचा उपयोग कर.

रोजची बैठक पंधरा मिनिटांत, उभ्यानंच संपव. काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय, हे तीन प्रश्न तुम्ही विचारता. मी असतो तर शेवटचा आधी विचारला असता. शेवटी विचारलं की सगळ्यांना जागेवर जायची घाई असते आणि "काही नाही" हे सगळ्यात आखूड उत्तर असतं. स्क्रीनवर सलग तीन आठवडे सगळं हिरवं दिसलं तर खूश होऊ नकोस, उठून एकेकाच्या टेबलाशी जा. चहा घे त्यांच्याबरोबर. बरंचसं खरं तिथेच कळतं.

सोमवारी टीमसमोर उभी राहशील तेव्हा "अडलंय का काही?" एवढं विचार आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहा. पहिल्या दिवशी कुणी बोलणार नाही. मंगळवारी पुन्हा विचार. शनिवारी मला फोन कर, आणि चांगलं काय झालं ते नंतर सांग, आधी अडलं काय ते सांग.

तुझा मामा